पाच नारळ आणि एक गाडी

बेळगावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटापाशी थांबावं लागलं तरी विनोदिनी इंजिन बंद करत नसे. तिचे आप्पा करत नसत, म्हणून. गेट पडलं की टिळकवाडीतली निम्मी माणसं किल्ली फिरवून गप्पांना मोकळी होतात. पण आप्पांचं म्हणणं असं, की इंजिनाला तान्ह्या पोरासारखं उगाच झोपवू नये आणि झोपलं तर उगाच उठवू नये. आप्पा जाऊन आता आठ-नऊ महिने होत आले होते. त्यांच्या अशा बारीकसारीक सवयी तिच्याकडे न सांगता आल्या होत्या आणि तिनं त्या न बोलता ठेवून घेतल्या होत्या.

त्या रविवारी संध्याकाळी मालगाडी लांबलचक होती. भुरभुर पाऊस होता, दिवे लावलेले, काचेवरचे वायपर चालू, आणि इंजिनाचा पंखा मधेच घरघरत सुरू झाला. गेट उघडलं, तिनं गाडी पुढे घेतली आणि डावीकडच्या रस्त्याला लागायला स्टिअरिंग वळवलं. ते वळेना. म्हणजे अगदीच अडकलं नव्हतं, पण एखाद्या हट्टी माणसाचा हात धरून त्याला ओढावं तसं वाटत होतं. तिनं दोन्ही हातांचा जोर लावला. गाडीनं अर्धंच वळण घेतलं आणि ती रस्त्याच्या मधोमध तिरकी उभी राहिली.

मागून हॉर्नचा गिल्ला झाला. शेजारून स्कूटर काढणारा एक जण मान वाकवून म्हणाला, "काय बाई, बेडूक उडी मारंना काय?"

गाडीला बेडूक म्हणणारा तो पहिला नव्हता. गाडी होतीच तशी: हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे. कापडी छत मागे दुमडलं की ऊन थेट डोक्यावर. कुणा हौशी माणसानं ती जपानहून आणवली होती आणि त्याची हौस फिटल्यावर आप्पांनी गोव्याला जाऊन ती विकत घेतली होती. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, शहराबाहेर मच्छ्यातला ओतकामाचा कारखाना नुकताच बंद केला होता, आणि टिळकवाडीतल्या त्यांच्या वयाच्या लोकांनी या वयात भगवद्गीतेचे वर्ग लावले होते.

विनोदिनीनं इंजिन बंद केलं. एक श्वास घेतला. पुन्हा किल्ली फिरवली. स्टिअरिंग एका बोटानं वळेल इतकं हलकं झालं होतं.

घरी येऊन तिनं फाटक लावलं आणि कितीतरी वेळ आपल्याच मनगटांकडे पाहिलं. पन्नाशी जवळ आलेली. एवढ्यात? पण मनगटं नेहमीसारखीच होती. कॉलेजच्या ग्रंथालयात तिनं आयुष्यभर जाडजूड खंड उचलून फळीवर ठेवले होते. ही मनगटं सहजी हार मानणारी नव्हती.

*

"ताई, ऐक माझं," बेंगळुरूहून आशिष फोनवर म्हणाला. तो धाकटा, पण आप्पा गेल्यापासून मोठ्यासारखा बोलायचा. "स्टिअरिंग ही काय गंमत आहे? उद्या हायवेवर झालं तर? कोल्हापूरचा तो माणूस अजून मागतोय गाडी. शनिवारी येतो म्हणालाय. देऊन टाक."

"शहरातल्या गॅरेजला दाखवली मी."

"मग?"

"म्हणाले, स्टिअरिंगची मोटर, तिचा कंट्रोल, सगळं एकत्र बदलावं लागेल. जपानहून मागवायचं. आणि तेवढ्या पैशात दुसरी गाडी येईल."

"झालं तर मग. काय ठरलं?"

ही गाडी चालवायला विनोदिनी आप्पा गेल्यावर शिकली होती. आप्पा होते तोवर तिनं कधी हात लावला नव्हता, आणि शेवटची दोन वर्षं तर आप्पांनीही ती रस्त्यावर काढली नव्हती. 'कंटाळा आला' एवढंच म्हणून एक दिवस त्यांनी गाडीवर कापड घातलं होतं. रोज सकाळी ते कापड काढायचे, इंजिन सुरू करायचे, अंगणातच हात-दोन हात पुढे-मागे करायचे आणि पुन्हा कापड घालायचे. आता ती रविवारी गाडी बाहेर काढायची, तेव्हा घरात जे कमी झालं होतं ते तासभर भरून निघाल्यासारखं वाटायचं. हे सांगण्यासारखं नव्हतं. आशिषला तर नाहीच.

"शनिवारपर्यंत बिघाड सापडला तर ठेवीन," ती म्हणाली. "नाही सापडला तर घेऊन जाऊ दे त्याला."

"शब्द?"

"शब्द."

*

जे हाताला लागेल ते वाचायची सवय तिला शाळेपासून. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, तिकिटामागचे नियम, काही सोडायची नाही. त्या रात्री जेवण झाल्यावर तिनं गाडीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचत गेली. बहुतेक भाग सीटचा पट्टा लावा, मुलांना पुढे बसवू नका, अशा शहाणपणाचा होता. मग डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं पान आलं. तेल, बॅटरी, ब्रेक, आणि स्टिअरिंगचं चक्र काढलेला एक पिवळा दिवा. किल्ली फिरवली की हे सगळे दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत, असं लिहिलं होतं. ते दिवे स्वतःची हजेरी देतात म्हणे.

तिनं सकाळी अंगणात जाऊन किल्ली फिरवली. तेल हजर. बॅटरी हजर. ब्रेक हजर. स्टिअरिंगचा दिवा लागला नाही. तिनं पुन्हा फिरवली. नाहीच.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. स्टिअरिंग आजवर तीनदा जड झालं होतं आणि तिन्ही वेळा गेटापाशी ताटकळल्यानंतर. मोकळ्या रस्त्यावर एकदाही नाही.

एवढ्या दोन गोष्टी घेऊन ती मच्छ्याला निघाली, युवराजकडे.

युवराज हा भरमूचा मुलगा. भरमू आप्पांच्या कारखान्यात साचे करायचा. वाळूत बोटं घालून साचा कुठं ढासळणार ते सांगायचा. कारखाना बंद झाला तसा मुलानं शेजारीच गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान टाकलं. दुकान छोटं होतं, पण युवराजचा आवाज मोठा होता आणि स्वतःविषयीचं मत त्याहून मोठं.

"आक्का!" ती गाडी लावते न लावते तोच तो बाहेर आला. "मालकांचा बेडूक! लई दिसानं आला की. काय दुखतंय त्याला?"

"स्टिअरिंग जड होतंय. अधूनमधून."

"मोटर गेली म्हणाले असतील गॅरेजवाले."

"तुला कसं कळलं?"

"त्यांना काय कळंना झालं की ते मोटर गेली म्हणतात. बेळगावात माझ्यावाचून हे काम करणारा हाय कोण?"

आतल्या बाजेवरून भरमूचा आवाज आला. "तू न्हवतास तवा गाड्या हुत्याच की बेळगावात."

"बा, तुमी चहा प्या."

"पितोय. कान मोकळं हायत माझं." भरमू काठी टेकत बाहेर आला, विनोदिनीला पाहून थांबला आणि मग गाडीच्या पत्र्यावरून तळहात फिरवला. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "मालकांनी हात लावल्याली गाडी ही. हिला काय हुतंय? बस पोरी, उन्हात का उभारलीस?"

"भरमूमामा, बसते. तब्येत बरी ना?"

"बरी म्हंजे काय, ह्याची बडबड ऐकायला पुरंल एवढी हाय."

युवराजनं पुढचं झाकण उघडलं होतं. बॅटरीला मीटर लावून बघितलं, मग इंजिन सुरू करायला लावून बघितलं. बॅटरी चांगली. चार्जिंग चांगलं. इंजिन एका झटक्यात सुरू होत होतं. त्यानं एक यंत्र आणून गाडीच्या सॉकेटमध्ये खुपसलं. यंत्रानं पडद्यावर काही तरी फिरवलं आणि ते गप्प झालं.

"ही बया जपानी बोलती, आमचं यंत्र तिच्यासंगं बोलत न्हाय," युवराज म्हणाला. "पण जुन्या गाड्यांत एक युक्ती असती. दोन पिना तारेनं जोडायच्या, की स्टिअरिंगचा दिवा लुकलुक करून सांगतोय काय झालंय ते. थांबा." त्यानं पिना जोडल्या, किल्ली फिरवली, वाकून बघितलं. "लुकलुकंना की."

"तो दिवा लागतच नाही," विनोदिनी म्हणाली. "किल्ली फिरवल्यावरही नाही. बाकीचे लागतात."

युवराजनं सावकाश मान वर केली. "हे तुमी बघितलं?"

"पुस्तकात होतं."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"तू बेळगावात एकटाच आहेस असं म्हणत होतास, म्हटलं बोलून होऊ दे."

भरमू एवढा हसला की त्याला ठसका लागला.

डॅशबोर्ड खोलायला बराच वेळ गेला. आतून निघालेला बल्ब तांदळाच्या दाण्याएवढा होता. आतली तार तुटून काच काळी पडलेली. युवराजनं तो बोटाच्या टोकावर धरून उजेडात बघितला. "हा आज गेल्याला न्हाय. लई वर्सं झाली ह्याला." त्यानं डब्यातून नवा काढून बसवला. किल्ली फिरवली. पिवळं चक्र उजळलं, क्षणभर थांबलं आणि विझलं. आता हजेरी पूर्ण झाली. मग त्यानं पुन्हा पिना जोडल्या आणि दिवा लुकलुकायला लागला: लांब, लांब, आखूड, आखूड. थांबून पुन्हा तसंच.

"वीज कमी पडतीया, असं म्हणतंय," युवराज डोकं खाजवत म्हणाला. "मोटर गेली असं न्हाय म्हणत. पण बॅटरी तर चांगली हाय. चार्जिंग बी हाय. मग कमी कशी पडतीया?"

विनोदिनी म्हणाली, "गेटापाशी उभी राहिल्यावर होतं हे. दिवे, वायपर, पंखा, सगळं चालू असतं तेव्हा. आणि गाडी जागच्या जागी वळवायची असते."

युवराजचा डोकं खाजवणारा हात थांबला. मग हळूच म्हणाला, "अर्थिंग."

"म्हणजे?"

"आक्का, बॅटरीतनं वीज तारेनं जाती. परत येती ती गाडीच्या पत्र्यातनं. बॅटरीची एक जाड तार पत्र्याला बोल्टनं आवळल्याली असती, तेच अर्थिंग. जायचा रस्ता हायवे आणि यायचा रस्ता चिखलाचा असला, तर काय हुईल? थोडी गर्दी असंल तवर चालतंय. सगळ्यांनी एकदम निघायचं म्हटलं की अडकतंय. आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवायला मोटरीला सगळ्यांत जास्ती वीज लागती. न्हाय मिळाली की ती म्हणती, जा तिकडं, मी न्हाय करत. बंद करून चालू केली की पुन्हा राजी."

"मग इंजिन कसं सुरू होतं एका झटक्यात?"

"इंजिनाचं अर्थिंग निराळं. तितंच फसले गॅरेजवाले."

मग खरी परीक्षा झाली. बॅटरीचं ऋण टोक आणि गाडीचा पत्रा, या दोघांमध्ये त्यानं मीटर लावलं. यांच्यात विजेच्या दाबाचा काहीच फरक दिसता कामा नये, म्हणाला. दिवे लावले, वायपर लावले, पंखा सुरू झाला आणि विनोदिनीनं उभ्या गाडीत स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं. शून्याजवळ झोपलेला आकडा उठून उड्या मारायला लागला. तिच्या हाताखाली स्टिअरिंग दगडासारखं झालं आणि तिच्या डोळ्यांपुढे पिवळा दिवा लागला. या वेळी विझला नाही.

"गावला!" युवराज ओरडला.

*

बॅटरी काढली, तिच्याखालचं प्लॅस्टिकचं ताट काढलं. खाली, कोपऱ्यात, जाड काळी तार पत्र्याला लागत होती तिथं बोल्ट दिसायला हवा होता. बोल्ट दिसतच नव्हता. त्यावर पांढरा, हिरवा आणि मधेमधे लाल असा पापुद्र्यांचा थर चढला होता, जुन्या देवळातल्या दगडावर चढतो तसा.

"बॅटरीचं ॲसिड सांडलं की पांढरं हुतंय. तांबं गंजलं की हिरवं," युवराज स्क्रू ड्रायव्हरनं खरवडत म्हणाला. "पण हे लाल काय? गंज असा नसतोय. गंज तपकिरी असतोय."

त्याच्या हातातल्या कपट्याचा भुगा विनोदिनीनं दोन बोटांत चोळला. बोटांवर गुलाबी रंग उतरला. तिनं बोटं नाकाशी नेली, पण त्याची गरज नव्हती.

"कुंकू आहे हे," ती म्हणाली.

तिघंही त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग भरमू काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला, "खंडेनवमी."

कारखान्यातली खंडेनवमी त्या तिघांनीही पाहिली होती. आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून तेल लावून ठेवायची. सकाळी झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, आणि भरमूनं नारळ फोडायचे. पाच नारळ. त्यांचं पाणी तांब्यात घेऊन आप्पा स्वतः फिरायचे आणि लेथवर, कॉम्प्रेसरवर, काट्यावर, दारातल्या टेम्पोवर, सगळ्यांवर शिंपडायचे. भट्टीवर शिंपडलं की चर्र आवाज यायचा आणि पोरं त्यासाठीच थांबलेली असायची. देवळात कधी न जाणारा माणूस त्या एका दिवशी सोवळं नेसायचा.

"पाच नारळ पंधरा यंत्रांना जायचे," विनोदिनी सावकाश म्हणाली. "नंतर सगळी यंत्रं विकली. ही एकच राहिली."

"आणि नारळ?" युवराजनं विचारलं.

"नारळ पाचच."

तिला अंगण दिसत होतं. गाडीचं पुढचं झाकण उघडं, आप्पा सोवळ्यात, बॅटरीवर मूठभर कुंकू, आणि पाच नारळांचं पाणी आत, कोपऱ्याकोपऱ्यांत, कुणी राहायला नको म्हणून. एकदा ती म्हणाली होती, 'आप्पा, एका गाडीला एक नारळ पुरे की.' त्यावर ते म्हणाले होते, 'मान कमी करायचा नसतो, बाळ.'

"नारळाच्या पाण्यात मीठ असतंय, मालक!" युवराज वर बघून, थेट आभाळाकडे हात करून म्हणाला. "लेथला तेल असायचं, म्हणून वाचला लेथ. दर वर्षी पाच-पाच नारळ! अहो, समुद्रात बुडवली असती तर कमी गंजली असती!"

विनोदिनीला हसू आलं. पहिल्यांदा ते नाकातूनच बाहेर पडलं, मग ते आवरेना. भरमू हसला, युवराज हसला. समोरच्या चहावाल्यानं, काय झालं म्हणून, टपरीतून डोकं बाहेर काढलं. हसता हसता तिला बसावं लागलं, आणि बसल्यावर पदराची गरज लागली.

ती गाडीच्या सीटवर, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसली होती. दाराच्या खिशात हात गेला तर तिथं आप्पांचा रबरी चेंडू होता. हा चेंडू तिनं शेकडो वेळा पाहिला होता. शेवटची दोन वर्षं आप्पा सकाळी व्हरांड्यात बसून तो मुठीत दाबायचे. तिला वाटायचं डॉक्टरांनी सांगितलं असेल. मग ते गाडीपाशी जायचे, इंजिन सुरू करायचे, अंगणात पुढे-मागे करायचे. कधी कधी आत येऊन खुशीत म्हणायचे, 'आज हात बरा आहे.' आणि कधी काहीच न बोलता कापड घालायचे.

आज हात बरा आहे.

तिनं चेंडू एकदा दाबला. पुन्हा दाबला.

"युवराज," ती म्हणाली, "आप्पांनी गाडी सोडली तेव्हाही हा बोल्ट असाच असेल?"

"थर बघा की. धा-बारा वर्सांचा हाय. आणि बल्ब तर कवाच गेल्याला."

"म्हणजे त्यांना दिवा कधी दिसलाच नाही."

"न्हाय दिसायचा."

आप्पांचा हिशोब तिला कळला. त्यांनी स्वतःच्या हातानं जपलेली गाडी. दिवा लागत नाही, म्हणजे गाडीत दोष नाही. गाडीत दोष नाही आणि स्टिअरिंग तर जड लागतंय, म्हणजे दोष दुसऱ्यात. दुसरं उरलं होतं कोण? अगदी त्यांच्यासारखा, नीट, पायरीपायरीनं केलेला विचार होता तो. फक्त चुकीचा.

"हात चांगले होते त्यांचे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

भरमूनं ऐकलं. "मालकांचं हात?" तो म्हणाला. "दिवाळीत मला भेटायला आलते. हातात हात घेटला तर माझी बोटं मोडायची पाळी आली. त्यांच्या हाताला काय झालतं?"

युवराजनं बोल्ट खोलला, पत्रा पार चकचकीत होईपर्यंत घासला, नवी तार टाकली आणि वरून ग्रीस फासलं. पुन्हा सगळं चालू करून विनोदिनीनं स्टिअरिंग वळवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा, पुन्हा. मीटरवरचा आकडा शून्यापाशी पडून राहिला. तिच्या तळहाताखाली चाक लोण्यातून सुरी जावी तसं फिरत होतं.

"एक अट हाय, आक्का," युवराज झाकण लावत म्हणाला. "ह्या खंडेनवमीला झाकण बंद ठेवून पूजा. नारळ लांब. रस्त्याच्या पल्याड फोडला तर आणखी बरं."

तिथूनच तिनं आशिषला फोन लावला. "कोल्हापूरवाल्याला कळव. गाडी द्यायची नाही."

"सापडला? काय होतं?"

"कुंकू."

"ताई," आशिष म्हणाला, "तू बरी आहेस ना?"

"खूप," विनोदिनी म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ते खरं होतं.

*

शनिवारी, कोल्हापूरचा माणूस यायचा त्या दिवशी, तिनं कापडी छत मागे दुमडलं आणि निपाणीची वाट धरली. काकती मागे पडली, हत्तरगी गेली, संकेश्वरला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या मागून थोडं सरकावं लागलं, आणि तवंदीच्या घाटात वारा गार झाला. दिवे लावून, उगाचच वायपर चालवून, ती वळणं घेत गेली. पिवळा दिवा गप्प होता.

राजाबाई आत्या ही आप्पांची थोरली बहीण, त्यांना शेवटपर्यंत हरी म्हणणारी. दर महिन्यात एका रविवारी आप्पा गाडी घेऊन तिच्याकडे जायचे आणि तिला शेजारी बसवून तवंदीपर्यंत फिरवून आणायचे. ऐंशीच्या पुढची बाई डोक्यावर पदर घट्ट धरून, डोळ्यांना काळा चष्मा लावून बसायची. निपाणीत ती वार्ता व्हायची. मग आप्पा जाण्याआधी दोन वर्षं ते फिरणं थांबलं. त्यानंतर आप्पा बसनं यायचे.

आत्याचं घर तंबाखूच्या जुन्या वखारीमागच्या बोळात. बोळ एवढा अरुंद की गाडी आत गेली तर बाहेर पडायला टोकाशी चार-पाच वेळा पुढे-मागे करून वळवावी लागते. आत्या दारातच बसली होती. इंजिनाचा आवाज ऐकून ती उठून उभी राहिली आणि विनोदिनी उतरेपर्यंत तशीच उभी होती.

"आलीस व्हय गं?" ती म्हणाली. "मला वाटलं... आवाज त्योच की."

"गाडी तीच आहे, आत्या."

"हितंच वळवताना अडकली बघ ती शेवटच्या खेपेला. हरीला वळवंना. गल्लीतल्या पोरांनी ढकलली. घरात येऊन बसला आणि म्हणाला, 'आक्का, हात गेले माझे. कुणाला सांगू नको.' मी न्हाय सांगितलं कुणाला. तुला बी न्हाय."

"हात गेले नव्हते, आत्या."

विनोदिनीनं तिला सगळं सांगितलं. अर्थिंग वगैरे सोडून, फक्त दिवा, बोल्ट आणि पाच नारळ. आत्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"म्हंजे त्याच्या हाताला कायबी न्हवतं?"

"काही नव्हतं."

"एवढंसंबी न्हाय?"

"नाही."

गल्लीतून एक बाई घागर घेऊन गेली, तिनं गाडीकडे वळून वळून बघितलं. मग आत्या म्हणाली, "आणि मी त्याला दोन वर्सं मेथीचं लाडू करून घाटलं! हाताला जोर याव म्हणून. तोंड वाकडं करून खायचा. डबं ग डबं खाल्लं बघ त्यानं."

"मला वाटायचं त्यांना आवडतात."

"त्याला? मेथी? लहानपणी ताटातनं काढून माझ्या ताटात टाकायचा!" आत्या हसायला लागली, बोळकं तोंड, डोळ्यांत पाणी, आणि एका हातानं विनोदिनीचं मनगट घट्ट धरलेलं. "आरं हरी... आरं माझ्या येड्या..."

हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले. "त्याला कळलं असतं तर काय म्हणाला असता, सांगू? मी बरा हाय म्हणून खूश न्हाय व्हायचा त्यो. 'आक्का, दोन वर्सं गाडी आजारी हुती आणि मी औषध नाही केलं', हेच म्हणत बसला असता."

विनोदिनीला ते अगदी ऐकू आल्यासारखं झालं, त्यांच्या आवाजात.

"वळवून दाव बघू," आत्या म्हणाली.

विनोदिनी गाडीत बसली. बोळाच्या टोकाशी नेऊन, वखारीच्या भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, तिनं उभ्या गाडीचं स्टिअरिंग एका तळहातानं शेवटपर्यंत वळवलं. मागे. पुन्हा वळवलं. पुढे. कुणी ढकलायला लागलं नाही. गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला झालं तेव्हा दारात आत्या नव्हती.

ती आतून आली ती काळा चष्मा लावून, आणि हातात सोललेला नारळ घेऊन.

"आत्या, नको!"

"नको म्हंजे? बरी होऊन आलीया लेक. रिकामी धाडू का तिला?"

"पाणी आत जायला नको. युवराजनं ताकीद दिली आहे."

"मग फोडते हितं पायरीवर. भांडं आण जा."

विनोदिनीनं आतून तांब्या आणला. आत्यानं एका घावात नारळ फोडला. हात तिचेही काही गेले नव्हते. पाणी तांब्यात पडलं. दोघी पायरीवर बसल्या आणि आळीपाळीनं ते प्यायल्या. गोड होतं. शेवटचा घोट तांब्यात तसाच ठेवून आत्या उठली आणि गाडीपाशी जाऊन पुढच्या चाकाजवळ वाकली. मग थांबून तिनं मागे वळून बघितलं.

"चाकाला चालंल न्हवं?"

"चाकाला चालेल," विनोदिनी म्हणाली.

आत्यानं तो घोट चाकावर ओतला, पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि शेजारच्या सीटचं दार उघडून आत बसली. विनोदिनीनं आपल्या जागी बसून किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, सगळे, आणि एकेक करून विझले.